पान उन्हात छत्री कशी उघडतं: रंगद्रव्यं घरी बघायची आणि कुंड्या उन्हाला सरावायची पद्धत

मागच्या एप्रिलमध्ये मी एक शहाणपणा केला. हॉलमध्ये दोन वर्षं मस्त वाढलेली पीस लिलीची कुंडी, जरा ऊन मिळू दे बिचारीला म्हणून, सकाळी अकराला टेरेसवर नेऊन ठेवली आणि ऑफिसला निघून गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर पानांवर पांढुरके चट्टे, कुणीतरी ब्लीच शिंपडल्यासारखे. पाणी व्यवस्थित होतं, कीड नव्हती, आणि तिच्यापासून फूटभर अंतरावर जास्वंद दिवसभर त्याच उन्हात उभी होती, तिला ढिम्म काही झालेलं नव्हतं. ऊन तेच, टेरेस तीच, मग एकीचं पान भाजतं आणि दुसरीचं नाही हे काय गौडबंगाल, म्हणून खोदायला लागलो आणि उत्तर निघालं ते रंगद्रव्यांमध्ये. ती कशी बघायची आणि बघितलेलं कुंड्या हलवताना कसं वापरायचं ते खाली सगळं लिहितोय. एक रविवार आणि मग साधारण तीन आठवड्यांचा धीर, एवढंच भांडवल लागतं.

प्रयोगाआधी दोन मिनिटं: पानाला ऊन जास्त होतं म्हणजे नक्की काय

आपल्याला वाटतं जितकं ऊन तितकं झाडाचं जेवण. तसं नाहीये. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि बहुतेक भाज्या-फुलझाडांची पानं त्याच्या निम्म्याच्या आतच पोटभर जेवून मोकळी होतात, सावलीतल्या झाडांचं पोट तर त्याहून कितीतरी आधी भरतं. अडचण अशी की पानातलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, उजेड घ्यायचं थांबवू शकत नाही. पंगतीत पोट भरलंय, आपण ताटावर हात आडवा धरतोय, तरी वाढपी जिलेबी टाकतच जातोय, तसला प्रकार. ही वरची ऊर्जा कुठेतरी खपवावी लागते, नाहीतर क्लोरोफिल ती शेजारच्या ऑक्सिजनला देऊन बसतं आणि त्यातून सिंगलेट ऑक्सिजन नावाचं ऑक्सिजनचं चवताळलेलं रूप तयार होतं, ते मग प्रोटीन, पेशीतले पातळ पडदे आणि खुद्द क्लोरोफिललाच खात सुटतं. माझ्या लिलीचे पांढरे चट्टे म्हणजे तेच, हिरवा रंग जळून उडून गेलेला.

यावर झाडाकडे एक नाही, चार-पाच उपाय असतात आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. ही वेगाची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कुंडी हलवायचं सगळं वेळापत्रक त्यावरच बसवलंय.

सगळ्यात चपळ उपाय मिनिटांचा. पानात व्हायोलाझॅन्थिन नावाचं एक पिवळं द्रव्य असतं. ऊन वाढलं की हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या क्लोरोफिलच्या घराच्या, आतल्या पिशव्यांमध्ये आंबटपणा वाढतो, त्यानं एक एन्झाइम जागं होतं आणि ते, क जीवनसत्त्व वापरून, व्हायोलाझॅन्थिनचं झिॲझॅन्थिन करतं. हे झिॲझॅन्थिन तयार झालं की पान जास्तीची ऊर्जा गुपचूप उष्णता म्हणून सोडून द्यायला लागतं, कडक उन्हात आत घेतलेल्या उजेडातला निम्म्याहून जास्त भाग असा जाऊ शकतो. जिलेबी शेजाऱ्याच्या पानात सरकवायची, तशी. नाव मक्यावरून पडलंय, मक्याच्या शास्त्रीय नावातलं झिया, दाण्याचा पिवळा रंग यातलाच. १९६०च्या सुमाराला हवाईमध्ये हॅरी यामामोटो यांनी या अदलाबदलीचं चक्र मांडलं, पण ते कवचाचं काम करतं हे १९८०च्या दशकात बार्बरा डेमिग-ॲडम्स यांच्या कामातून पुढे आलं. गंमत म्हणजे जाताना मिनिटं लागतात आणि परत व्हायोलाझॅन्थिन व्हायला त्याहून बराच जास्त वेळ. म्हणजे ढग आला, सावली पडली, तरी पान अजून छत्री उघडूनच बसलेलं, आणि तेवढा वेळ जेवण कमी. अमेरिकेत इलिनॉयमध्ये तंबाखूच्या झाडात हा परतीचा प्रवास जलद करून बघितला, २०१६ साली ते छापून आलं, आणि शेतात झाडांचं वजन साधारण १५ टक्के जास्त भरलं.

दुसरा उपाय म्हणजे हरितलवकांनी जागा बदलणं. तीव्र उजेडात ते पेशीच्या बाजूच्या भिंतींना चिकटून उभे राहतात, एकमेकांच्या सावलीत. याला अर्धा तास, तासभर. तिसरा उपाय दिवसांचा, लाल-जांभळं अँथोसायनिन किंवा आपल्या डोळ्यांना न दिसणारी पण यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) अडवणारी फ्लेव्होनॉइड्स नावाची द्रव्यं वरच्या थरात साठवणं. आणि शेवटचा आठवड्यांचा, पानच नव्या बांधणीचं काढणं, जाड, लहान, क्लोरोफिल कमी आणि पिवळी द्रव्यं त्या मानानं जास्त.

लिलीला मी मिनिटांची मुदत दिली आणि मागितलं आठवड्यांचं काम. तिथेच गंडलं.

पायरी १: नुसतं बघा

यासाठी काही विकत आणायचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्याची पालवी बघा, तांबूस-तपकिरी, लोंबणारी. पिंपळाची गुलाबीसर. आणि जवळपास कुसुंबाचं झाड असेल तर विचारूच नका, अख्खं झाड पेटल्यासारखं लाल. कोवळ्या पानात उजेड पकडणारं यंत्र अर्धंमुर्धं जोडलेलं असतं, वरची मेणाची साल पातळ, म्हणजे जिलेबी येतेय पण खायला तोंडच नीट तयार नाही. अशा वेळी अँथोसायनिन पेशीतल्या रसात गॉगलसारखं पसरतं, हिरवा-निळसर उजेड स्वतःच पिऊन टाकतं आणि खालचं काम सुरळीत चालू राहतं. पान पक्कं झालं की रंग ओसरतो. हा लाल रंग किड्यांना दूर ठेवायला पण असावा असं काही शास्त्रज्ञ मानतात, तो वाद अजून मिटलेला नाही, दोन्ही कारणं एकदम खरी असायलाही हरकत नाही. पण आपल्यापुरता मुद्दा एवढाच की कोवळी पालवी लाल आली म्हणून फवारे आणि खतं घेऊन धावू नका. दर मार्चमध्ये माझ्याकडे कुणीतरी आंब्याच्या लाल पालवीचा फोटो पाठवून "हा कुठला रोग?" असं विचारतंच.

पायरी २: पालकाचा रस आणि नोटा तपासायचा टॉर्च

पालकाची पाच-सहा पानं चिरा, खलबत्त्यात चिमूटभर जाड मीठ घालून चांगली कुटा. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि पानं बुडतील इतकं घाला. पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवला की रंग लवकर उतरतो, पण गॅस बंद करून, पेट घेणारी वस्तू आहे, खिडकी उघडी ठेवा आणि लहान मुलं एकटी नकोत. अर्ध्या तासानं फडक्यातून गाळा. गडद हिरवा रस मिळेल.

आता खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायला मिळतो तो यूव्ही टॉर्च रसावर मारा. हिरवा रस रक्तासारखा लाल चमकतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बायकोला उठवून आणलं होतं. कारण असं की पानाच्या आत क्लोरोफिलला ऊर्जा पुढे द्यायला साखळी असते, इथे आपण ती साखळीच तोडली, म्हणून घेतलेला उजेड लाल रंगात परत बाहेर. जिवंत पानसुद्धा असं चमकतं पण अगदी थोडं, घेतलेल्याच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास, आणि हीच बारीक चमक मोजून शास्त्रज्ञ पान तणावात आहे का ते ओळखतात. अंधारात ठेवलेल्या पानावर उजेड टाकला की ही चमक आधी उसळते आणि मग उतरते, हे १९३१ साली जर्मनीत काउत्स्की आणि हिर्श यांनी नोंदवलं होतं.

पायरी ३: पिवळं द्रव्य बाहेर काढा

फिल्टर पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, कॉफीचा फिल्टरही चालतो. खालून दोन सेंटीमीटरवर पेन्सिलची रेघ, पेननं नको, शाई पण वर चढते. रेघेवर त्या हिरव्या रसाचा थेंब द्या, वाळू द्या, परत द्या, असं आठ-दहा वेळा, कंटाळा आला तरी करा कारण फिका डाग घेतला की पुढे काहीच दिसत नाही (माझ्या पहिल्या तीन पट्ट्या अशाच गेल्या). मग उंच पेल्यात सेंटीमीटरभर अल्कोहोल घेऊन पट्टी उभी सोडा, डाग द्रवाच्या वर राहिला पाहिजे, आणि पेल्यावर झाकण. वीस-तीस मिनिटांत वर पिवळा पट्टा आणि त्याखाली हिरवा असं दिसायला लागेल. नुसत्या अल्कोहोलनं पट्टे जरा धूसर येतात, कॉलेजच्या लॅबमध्ये पेट्रोलियम इथर आणि ॲसिटोन वापरतात त्यात चार पट्टे सुटे दिसतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच खडूच्या भुकटीनं भरलेल्या काचेच्या नळीत केलं होतं, क्रोमॅटोग्राफी हे नाव त्याचंच.

तो पिवळा पट्टा म्हणजे छत्री. पालकाच्या हिरव्या पानात कायम असते, फक्त हिरव्यानं झाकलेली. त्यात बीटा-कॅरोटीन आहे, ते सिंगलेट ऑक्सिजन शांत करतं, ल्युटिन आहे, तेच जे झेंडूच्या पाकळ्यांत ठासून भरलेलं असतं, आणि ते झिॲझॅन्थिनचं मंडळही आहे. मात्र उन्हातल्या पानात झिॲझॅन्थिन वाढलेलं या पट्टीवर वेगळं दिसणार नाही, ल्युटिन आणि ते जवळपास जुळे भाऊ, त्यांना सुटं करायला मोठं मशीन लागतं.

जमलं तर एकाच झाडाची दोन पानं घ्या, एक भर उन्हातलं, एक आतल्या सावलीतलं, सारख्या वजनाची, सारखं अल्कोहोल. उन्हातल्याच्या पट्टीत हिरवा फिका आणि पिवळा त्या मानानं ठळक. मी हे मोगऱ्यावर केलं आणि फरक डोळ्यांना स्पष्ट दिसला.

पायरी ४: लाल म्हणजे कुठलं लाल

इथे बरेच जण फसतात. पर्पल हार्ट, म्हणजे ते जांभळं लोंबणारं झाड, त्याची पानं गरम पाण्यात टाका, जांभळट पाणी सुटेल. दुसऱ्या वाटीत लाल माठ तसाच. आता दोन्हीत लिंबू पिळून बघा आणि वेगळ्या वाटीत थोडा खायचा सोडा घालून बघा. पर्पल हार्टचं पाणी लिंबानं गुलाबी-लाल आणि सोड्यानं निळं-हिरवट होतं, ते अँथोसायनिन. लाल माठाचं पाणी मात्र हट्टी, फारसं बदलत नाही, कारण ते अँथोसायनिन नाहीच, ते बीटालेन, बीटमधलं. माठ, बीट, बोगनवेल, चिनी गुलाब, निवडुंग ही सगळी एकाच मोठ्या गोतावळ्यातली, आणि एकच झाड अँथोसायनिन आणि बीटालेन दोन्ही बनवतं असं निसर्गात आढळत नाही. उजेड गाळायचं काम दोघंही करतात.

मग पर्पल हार्टच्याच दोन फांद्या दोन कुंड्यांत लावा, एक उन्हात, एक घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. तीन आठवड्यांनी सावलीतली नवी पानं हिरवी निघतील आणि उन्हातली गर्द जांभळी. जुन्या पानांकडे बघू नका, नवी बघा. नर्सरीत जांभळं घेतलेलं झाड घरी येऊन हिरवं पडतं ते याच कारणानं, नर्सरीवाल्यानं फसवलेलं नसतं.

एक सावधगिरी, लाल म्हणजे दर वेळी ऊनच असं नाही. मक्याची रोपं फॉस्फरस कमी पडला तरी जांभळी होतात, थंडीतही होतात. झाडाला साखर वापरता येत नाही, ऊर्जा तुंबलीय, असा तो सर्वसाधारण निरोप आहे.

पायरी ५: कुंडी उन्हाला सरावणं

आधी उजेड मोजा. फोनमध्ये लक्स मीटरचं फुकट ॲप टाका, आकडा काटेकोर नसतो पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. घराच्या मध्यात दोनशे-चारशे लक्स, खिडकीपाशी काही हजार, टेरेसवर दुपारी लाखाच्या घरात. आपला डोळा इतका जुळवून घेतो की हॉल आपल्याला चांगला उजेडाचा वाटतो, आणि प्रत्यक्षात फरक अडीचशे-पाचशे पटींचा. माझी लिली एका मिनिटात तेवढी उडी मारून गेली.

पहिले तीन-चार दिवस कुंडी बाहेर पण सावलीत, पूर्वेच्या भिंतीच्या आडोशाला. मग सकाळचं आठपर्यंतचं ऊन, दोन-तीन दिवस. मग नऊ, मग साडेनऊ-दहा. दुपारचं ऊन दोन आठवडे तरी नाही, आणि पीस लिली, कॅलाथिया, फर्न असल्यांना कधीच नाही, त्यांच्या रक्तातच ते नाहीये. नर्सरीतून आणलेलं झाडसुद्धा हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, विचारून घ्या ५० टक्के उजेड अडवणारी जाळी होती की ७५, आणि घरी आल्यावर तिथूनच सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये टेरेसवरच्या भाजीपाल्यावर मी ५० टक्के जाळी बांधतो, पश्चिमेची बाजू आधी, कारण दुपारी तीन-चारचं तिरपं ऊन सगळ्यात वाईट, त्या वेळेला पान तापलेलं आणि माती वाळलेली असते.

माती वाळण्याचा इथे थेट संबंध आहे. पाणी कमी पडलं की पान आपली रंध्रं मिटून घेतं, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, म्हणजे स्वयंपाक थांबला, पण उजेड येतोच आहे. काल जे ऊन झाडाला झेपत होतं तेच आज जास्त होतं, उन्हात काहीही बदल न होता. म्हणून सरावाच्या दिवसांत सकाळी कुंडी पूर्ण भिजली पाहिजे. आणि दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखं पान जाळतात हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं, ते हंगेरीच्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासलं, गुळगुळीत पानांवर तसं होत नाही, लव असलेल्या पानांवर थेंब केसांवर उचललेला राहिला तर होऊ शकतं. सुकलेल्या झाडाला दुपारी पाणी लागत असेल तर बिनधास्त घाला.

काचेचं एक वेगळंच. खिडकीची काच यूव्हीतला यूव्ही-बी हा भाग जवळपास सगळा अडवते, त्यामुळे आत वाढलेल्या पानात ती न दिसणारी फ्लेव्होनॉइड्स फार तयार होत नाहीत. म्हणून दक्षिणेच्या खिडकीत भरपूर उजेडात असलेली कुंडीसुद्धा बाहेर काढताना सराव द्यायचाच.

भाजलंय की दुसरं काही, हे ओळखायची माझी खूण म्हणजे सावलीची रेघ. वरच्या पानानं खालच्या पानावर जिथे सावली धरली तिथे हिरवं तसंच आणि बाहेर पांढरं-करडं, कडा कापल्यासारखी, असेल तर ऊन. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुतेक लोह किंवा मॅग्नेशियमचा प्रश्न, नवी पानं असतील तर लोह, जुनी असतील तर मॅग्नेशियम. बारीक ठिपके-ठिपके असतील तर पान उलटं करून लाल कोळी शोधा. भाजलेला चट्टा परत हिरवा होत नाही, पण सगळी पानं छाटूही नका, उरलेला हिरवा भाग झाडाला जेवण देतोय आणि खालच्यांना सावली. कोरफड तांबूस झाली असेल तर ती भाजलेली नाही, तिनं छत्री उघडलीय, सावलीत नेली की काही आठवड्यांत हिरवी.

फळांनाही हेच. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबावर उन्हाळ्यात कापडं, जुन्या साड्या टाकलेल्या दिसतात त्या यासाठीच, पश्चिमेकडच्या फळांची साल भाजते.

पायरी ६: शेवाळ, ज्याला पळता येत नाही आणि पानही नाही

पावसाळा संपल्यावर कोकणात माडाच्या खोडावर, जांभ्याच्या गडग्यावर नारिंगी मखमल दिसते. गंज नाही, बुरशी नाही, ते ट्रेंटेपोहलिया नावाचं शेवाळ, वंशानं हिरवंच, पण अंगात कॅरोटीन इतकं की हिरवं दिसतच नाही. आणि इमारतींच्या भिंतींवर पाण्याच्या ओघळाखाली जे काळे पट्टे पडतात त्यात बऱ्याचदा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे झाडांसारखं उजेडावर जगणारे निळसर हिरवे जिवाणू, असतात, त्यातले काही आपल्या भोवतीच्या आवरणात स्कायटोनेमिन नावाचं तपकिरी द्रव्य भरतात, ते यूव्ही अडवतं. म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्या काळेपणावरून भांडणं होतात ते सनस्क्रीन आहे. चिमूटभर खरवडून भिंगाखाली ओलं करून बघा, काळ्याच्या आत निळसर हिरवं सापडतं.

लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी आधी ड्युनालिएला या शेवाळाचं नाव घेतलं, कारण खारट पाण्यात आणि कडक उन्हात ते बीटा-कॅरोटीन साठवून केशरी होतं, कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले आणि निघाले हॅलोआर्किया, मीठप्रेमी सूक्ष्मजीव, शेवाळ नव्हेच. पण त्यांचं गुलाबी द्रव्यही कॅरोटिनॉइडच, म्हणजे बीटा-कॅरोटीनच्याच कुळातलं, काम तेच.

घरचा प्रयोग असा. हिरवं झालेलं टाकीचं किंवा कुंडातलं पाणी तीन पारदर्शक बाटल्यांत सारखं भरा. एक खिडकीत सावलीला, दोन टेरेसवर, पण टेरेसवरच्या पाण्याच्या टबात उभ्या करा, नाहीतर मेमध्ये पाणी इतकं तापतं की प्रयोग उजेडाचा न राहता उकडण्याचा होतो. टेरेसवरच्या एका बाटलीत दर चार दिवसांनी चमचाभर गांडूळखताचं गाळलेलं पाणी. दोन-तीन आठवड्यांत खत नसलेली उन्हातली बाटली पिवळट होत जाते, खत असलेली त्याच उन्हात जास्त दिवस हिरवी टिकते, कारण खायला मिळालं की वाढ होते, वाढ झाली की ऊर्जा खपते, शिवाय दाट पाण्यात प्रत्येक पेशी दुसरीच्या सावलीत असते. स्पिरुलिना करणारे लोक सुरुवातीच्या पातळ पाण्यावर जाळी धरतात आणि दाट झाल्यावर काढतात ते याचसाठी. पक्ष्यांच्या भांड्यातलं पाणी कधी विटकरी झालं तर तिथे हीमॅटोकॉकस नावाचा शेवाळाचा प्रकार असू शकतो, ऊन आणि उपासमार एकदम आली की तो अस्टाझॅन्थिन या लाल द्रव्यानं लालबुंद होऊन जाड कवचात झोपून राहतो, भांडं वाळलं तरी टिकतो.

बाटल्यांच्या तोंडाला झाकण नको, जुन्या ओढणीचं बारीक कापड रबरबँडनं बांधा. मी पहिल्या वेळी उघड्या ठेवल्या आणि आठव्या दिवशी शेवाळापेक्षा डासांच्या अळ्याच जास्त वळवळत होत्या, सगळं फेकून पहिल्यापासून करावं लागलं.